थाई स्वयंपाकाचा सुगंध: ओळखीच्या झाडांचे अनोळखी भाग

थाई जेवणाचा घमघमाट ज्या मोजक्या वनस्पतींतून येतो, त्यांतल्या बहुतेक महाराष्ट्राला परक्या नाहीत. गवती चहाचा ठोंब परसात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात वाढत असतो, कोथिंबिरीची जुडी दर दोन दिवसांनी घरात येते, तुळस दारात असते, आणि कोळिंजनाचा वाळका तुकडा आवाज बसलेले गायक पिढ्यानपिढ्या चघळत आले आहेत. तरीही घरी केलेल्या टॉम यम सुपाला किंवा हिरव्या करीला हवा तो वास येत नाही, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. याची कारणे बहुतेक वेळा दोनच असतात. एक तर या वनस्पतींचा जो भाग थाई स्वयंपाकात महत्त्वाचा, नेमका तोच आपल्याकडे कापून टाकला जातो किंवा कधी वापरलाच जात नाही. दुसरे असे की, तो भाग भांड्यात कधी आणि कोणत्या अवस्थेत पडावा, याचा तिथला हिशेब आपल्या फोडणीच्या हिशेबापेक्षा निराळा आहे.

आपल्या मसाल्याचा कणा वाळवलेल्या जिनसांचा असतो. धणे, जिरे, मिरे, लवंग, दालचिनी हे भाजायचे, कुटायचे आणि तेलात उघडायचे, ही आपली रीत. थायलंडमध्येही धणे, जिरे आणि पांढरे मिरे वापरतात, आणि मुस्लिम व्यापाऱ्यांच्या संपर्कातून घडलेल्या मसामान करीत तर वेलची, दालचिनी, जायफळ यांचीही हजेरी असते. पण एकंदर थाई सुगंधाचा पाया ओल्या कंदांवर, दांड्यांवर, मुळांवर आणि पानांवर उभा आहे. ओल्या वनस्पतीतला सुगंध म्हणजे तिच्यात साठलेले, हवा लागताच उडून जाणारे तेल. हे तेल वनस्पतीत कुठे साठलेले असते, हे एकदा समजले की पाककृतीतल्या निम्म्या सूचना पाठ करण्याची गरज उरत नाही.

गवती चहा, आले, कोळिंजन आणि हळद यांचे तेल आतल्या गरातल्या पेशींमध्ये असते. ते सहजासहजी बाहेर येत नाही. त्यासाठी ठेचावे लागते, चिरावे लागते आणि थोडा वेळ उकळूही द्यावे लागते. लिंबूवर्गीय झाडांच्या पानांत आणि सालींत तेलाच्या चिमुकल्या कुप्या असतात. असे पान उजेडासमोर धरले तर ठिपक्याठिपक्यांनी त्या डोळ्यांना दिसतातही. पान फाडले की कुप्या फुटतात. तुळशीच्या कुळातल्या झाडांचे तेल मात्र पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत असते, आणि म्हणूनच नुसते बोट लागले तरी तुळशीचा वास हाताला येतो. जे तेल वरच्यावर आहे ते आचेवर क्षणात उडते, त्यामुळे अशी पाने सर्वांत शेवटी घालावी लागतात. जे खोलवर आहे त्याला आधी संधी द्यावी लागते. थाई स्वयंपाकी हे रसायनशास्त्र शिकून करत नाही, पण त्याच्या हातचा क्रम नेमका हाच असतो.

गवती चहा: पात नव्हे, बुडखा

थाई भाषेत तक्राय म्हणतात तो आपला गवती चहाच आहे. त्याच्या तेलाचा मोठा भाग, साधारणपणे ७० ते ८० टक्के, सिट्राल नावाच्या द्रव्याचा असतो, आणि लिंबासारखा पण आंबटपणा नसलेला जो वास येतो तो याचाच. आपण चहात पाती घालतो. थाई स्वयंपाकात मात्र पाती जवळपास निरुपयोगी मानतात आणि जमिनीलगतचा फिकट, फुगीर बुडखा वापरतात. हा बुडखा मिळवायचा तर पाती कापून भागत नाही, आख्खी कांडी मुळासकट ओढून काढावी लागते. वरची दोन-तीन कडक आवरणे सोलली की आत पांढरट, किंचित ओलसर, कांद्यासारखा थरांथरांचा गाभा लागतो. आडवा छेद घेतला तर त्यात जांभळट वर्तुळे दिसतात. ही वर्तुळे जिथे संपतात आणि दांडी हिरवी, चिवट होऊ लागते, तिथे सुरी थांबवावी. खालचा आठ-दहा सेंटिमीटरचा तुकडा वाटणासाठी किंवा बारीक चिरून कोशिंबिरीसारख्या यामसाठी ठेवावा. वरचा भाग ठेचून, गाठ मारून सुपाच्या पाण्यात टाकता येतो.

परसातल्या गवती चहाबद्दल एक अडचण लगेच लक्षात येते, ती म्हणजे त्याच्या कांड्या काडीएवढ्या बारीक असतात. चहासाठी सतत पाती छाटत राहिल्याने आणि एकाच ठोंबात वर्षानुवर्षे दाटी झाल्याने तसे होते. ठोंब फोडून दोन-तीन कांड्या मोकळ्या जागी, भरपूर उन्हात लावाव्यात, बुडाशी माती चढवावी आणि पावसाळाभर त्यांच्या पातींना हात लावू नये, म्हणजे कांड्यांना जाडी येते. बाजारात विकत मिळणारी जाड कांडी मुळाकडचा भाग शाबूत असेल तर पाण्याच्या ग्लासात उभी ठेवूनही फुटते. चहासाठी एक ठोंब आणि स्वयंपाकासाठी दुसरा, अशी वाटणी करून टाकावी. एकाच ठोंबाकडून दोन्ही कामे होत नाहीत.

कोळिंजन आणि आल्याचा गैरसमज

खा म्हणजेच गलांगल, मराठीत कोळिंजन किंवा कोष्ठकोळिंजन. दिसायला आल्याचा भाऊ, पण स्वभाव अगदी वेगळा. आल्याचा तिखटपणा जिंजेरॉल या द्रव्याचा असतो आणि त्याचा वास उबदार, किंचित गोडसर असतो. कोळिंजनाला निलगिरीची आठवण करून देणारा थंड वास असतो, कारण निलगिरीच्या तेलातले सिनिओल त्याच्यातही आहे. शिवाय त्याचा स्वतःचा एक वेगळा, मिरमिरणारा तिखटपणा आहे. साल चकचकीत, फिकट, गुलाबी छटेची, त्यावर गडद कड्या आणि आत पांढराशुभ्र, आल्यापेक्षा कितीतरी कडक गर, अशी त्याची ओळख. जून कंद तर इतका लाकडी होतो की हलकी सुरी घसरते.

इंटरनेटवरच्या बहुतेक पाककृती गलांगल नसेल तर आले वापरा असे सांगून मोकळ्या होतात. माझ्या मते हा सल्ला एका पदार्थापुरता तरी मागे घ्यायला हवा. टॉम खा या नारळाच्या दुधातल्या सुपाचा सगळा आत्माच कोळिंजन आहे. तिथे आले घातले तर आल्याचे सूप होते, जे चवीला वाईट नसते, पण टॉम खा नसते. टॉम यममध्ये गवती चहा आणि लिंबाचे पान जोरकस असतात, त्यामुळे तिथे कोळिंजन नसेल तर ते सरळ गाळावे आणि आल्याला मध्ये आणू नये. करीच्या वाटणात थोडे आले खपून जाते.

काष्ठौषधींच्या दुकानात वाळवलेले कोळिंजन मिळते, आणि ते स्वस्तही असते. तिथे या नावाखाली दोन वेगवेगळ्या जातींचे कंद विकले जातात, एक मोठा आणि दुसरा बारीक, लालसर, अधिक जहाल. थाई स्वयंपाकातला खा हा मोठ्या जातीचा. वाळके तुकडे कोमट पाण्यात भिजवून सुपात उकळता येतात आणि बऱ्यापैकी काम देतात. वाटणात मात्र ते भुशासारखे लागतात. ताजा कंद एकदा हाती लागला तर डोळा असलेला तुकडा पावसाळ्याच्या तोंडावर हळदीसारखा लावून टाकावा. तो वाढायला साधारण वर्ष घेतो, पण कोकणच्या हवेत चांगला रुजतो. कोवळे कंद सुपासाठी आणि जून कंद वाटणासाठी, हा तिथला साधा नियम आहे.

जे खरोखरच शोधावे लागते

आतापर्यंतच्या यादीत शोधाशोध फारशी नव्हती. माक्रूत लिंबाच्या पानाची गोष्ट निराळी आहे. दुकानांत आणि रोपवाटिकांत हे काफिर लाइम या जुन्या नावानेही विकले जाते. फळ हिरवे, सुरकुतलेले, जवळजवळ बिनरसाचे. पान मात्र असे की एकदा ओळख झाली की विसरता येत नाही. देठाला पानाएवढाच रुंद पंख असल्यामुळे दोन पाने एकापुढे एक चिकटवल्यासारखी दिसतात. या पानाच्या तेलात सिट्रोनेलालचे प्रमाण फार मोठे असते. आपल्या कागदी लिंबाच्या पानालाही चांगला वास असतो, पण त्यात हा तीव्र, स्वच्छ, थेट नाकाच्या शेंड्याला लागणारा सूर नसतो.

याला पर्याय कोणता, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. प्रामाणिक उत्तर असे की जवळपास जाणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे बंगालच्या गंधराज लिंबाचे पान, आणि ते महाराष्ट्रात माक्रूतइतकेच दुर्मीळ आहे. कागदी लिंबाची कोवळी पाने आणि हिरव्या सालीची किसलेली पातळ कड एकत्र वापरली तर रिकामी जागा भरते, इतकेच. कढीपत्ता वापरण्याचा सल्ला काही ठिकाणी वाचायला मिळतो. तो कानाआड करावा, कारण त्याने पदार्थ थायलंडहून थेट दक्षिण भारतात येतो.

रोप विकत घेताना एक फसगत संभवते. पपनसाच्या पानालाही देठाशी पंख असतो आणि लहान रोप पाहून दोन्हींत गोंधळ होऊ शकतो. त्यामुळे नावाच्या चिठ्ठीवर विसंबण्याऐवजी एक पान चुरगळून नाकाशी धरावे. शंका उरली तर ते माक्रूत नव्हे. हे झाड मोठ्या कुंडीत, दिवसभर ऊन लागेल अशा गच्चीत किंवा खिडकीत चांगले जगते. त्याचे मुख्य ग्राहक मात्र आपण नसून लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या असतात. सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारख्या आणि मोठ्या झाल्यावर हिरव्यागार दिसणाऱ्या या अळ्या दोन दिवसांत कोवळी पालवी फस्त करतात, म्हणून पानांची खालची बाजूही नियमित पाहावी लागते.

वापरण्याच्या दोन पद्धती आहेत. सुपात किंवा करीत घालायचे तर मधली शीर काढून पान हाताने दोन-तीन ठिकाणी फाडावे आणि पाच-सात मिनिटे उकळू द्यावे. पदार्थावर वरून पेरायचे असेल, जसे मासळीच्या तोद मन या तळलेल्या वड्यांत किंवा दाट पानेंग करीवर, तर शीर काढलेली तीन-चार पाने एकमेकांवर ठेवून त्यांची घट्ट सुरळी करावी आणि धारदार सुरीने केसाइतके बारीक तंतू कापावेत. जाड कापले तर ते दातांखाली चामड्यासारखे येते. फळाची हिरवी साल करीच्या वाटणात अगदी थोडी, चमचाभर, घालतात; तिच्याखालचा पांढरा भाग कडू असल्यामुळे तो येऊ देऊ नये. फळातला रस मात्र जेवणात सहसा वापरत नाहीत. आंबटपणासाठी थायलंडमध्ये मनाव वापरतात, आणि मनाव म्हणजे आपले कागदी लिंबूच.

मुळासकट जुडी

कोथिंबिरीच्या बाबतीत महाराष्ट्रातला स्वयंपाकी युरोप-अमेरिकेतल्या थाईप्रेमींपेक्षा खूप सुदैवी आहे. तिकडच्या सुपरमार्केटात मुळे कापलेली कोथिंबीर मिळते आणि मुळांसाठी आशियाई दुकाने धुंडाळावी लागतात. आपल्याकडे मंडईतली जुडी मुळांसकट, मातीसकट येते आणि आपण निवडताना ती मुळे केरात टाकतो. थाई स्वयंपाकात पान हे सजावटीला, मूळ मात्र कामाला. त्याचा वास पानापेक्षा खोल, मातकट आणि टिकाऊ असतो, आणि तो शिजवल्यावरही राहतो. लसूण, कोथिंबिरीचे मूळ आणि पांढरे मिरे यांचे कुटलेले वाटण हा असंख्य थाई पदार्थांचा प्रारंभ आहे: कोंबडी भाजण्याआधीचे मुरवण, कोळंबी-शेवयांचे वाफवलेले भांडे, डुकराच्या मांसाचे गोळे, सगळ्यांत तो असतो. मुळे वाहत्या पाण्याखाली धरून सुरीच्या पात्याने खरवडावीत, लागल्यास बोटभर दांडाही सोबत घ्यावा. एका वेळी तीन-चार मुळेच लागतात, म्हणून रोज निवडताना निघालेली मुळे धुऊन, पुसून फ्रीझरमधल्या डब्यात साठवत जावे.

लसणाच्या बाबतीतही गावठी, बारीक पाकळ्यांची लसूण मोठ्या चिनी लसणीपेक्षा थाई लसणीच्या जवळची आहे. लाल छोट्या कांद्यांसाठी सांबाराचे कांदे चालतात. झणझणीत बारीक मिरचीसाठी लवंगी मिरची उत्तम. मिरची दोन्हीकडे पोर्तुगीजांमागोमाग पोहोचली: गोवा त्यांनी १५१० मध्ये घेतला आणि १५११ मध्ये त्यांचा दूत सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, तेव्हाची राजधानी अयुथ्येला गेला. त्याआधी तिथला तिखटपणा मुख्यतः मिऱ्यांवर होता, आणि ओल्या हिरव्या मिऱ्यांचे घोस आजही रानकरीत घालतात.

तीन तुळशी

पाश्चात्त्य पाककृतींत थाई बेसिल असा एकच शब्द येतो, पण थायलंडच्या बाजारात तीन वेगवेगळ्या जुड्या असतात आणि त्या एकमेकींच्या जागी वापरल्या जात नाहीत. होरापाचे पान गुळगुळीत, दांडा जांभळा आणि वास बडीशेपेसारखा. हिरव्या आणि लाल करीत शेवटी मूठभर घालतात ती ही. मेंगलाकचे पान फिकट, नाजूक आणि लिंबाच्या वासाचे. ती भाज्यांच्या पातळ रश्शात आणि नूडल्सबरोबर येते. तिच्या बिया आपल्या सब्ज्यासारख्या फुगतात आणि तिथेही गोड पदार्थांत घालतात. तिसरी क्रापाव, म्हणजे साक्षात तुळस, आपल्या वृंदावनातलीच जात.

होरापासाठी महाराष्ट्रात एक सोपा मार्ग आहे. किराणा दुकानातला सब्जा ज्या झाडाच्या बिया आहे, ते झाड होरापाच्याच जातीचे, त्यामुळे चिमूटभर सब्जा कुंडीत पेरला तर चार-आठ दिवसांत रोपे दिसू लागतात. त्यांचा वास बियाण्यानुसार बदलतो. कुठे बडीशेपेकडे, कुठे लवंगेकडे झुकतो. दहा रोपांतून हवी ती वासावरून निवडावी आणि तिच्या फांद्या पाण्यात ठेवून मुळे फुटल्यावर वाढवाव्यात. थाई जातीचे खात्रीचे बियाणे ऑनलाइन मिळते, तेही महाग नसते.

क्रापावचा प्रश्न नाजूक आहे. खिमा, लसूण, मिरची आणि तुळशीची पाने मोठ्या आचेवर परतून, भातावर वाढून, वर कडा कुरकुरीत तळलेले अंडे ठेवलेला पॅड क्रापाव हा थायलंडमध्ये रोजच्या दुपारचा पदार्थ आहे, आणि त्याला काय खावे हे न सुचल्यावर मागवायचा पदार्थ समजतात. मराठी घरात वृंदावनातली तुळस मांसाच्या कढईत घालणे कित्येकांना मुळीच रुचणार नाही, आणि त्यांना पटवण्याचे काही कारणही नाही. वेगळ्या कुंडीत थाई बियाण्याची तुळस लावणे हा सरळ उपाय आहे, आणि तो चवीच्या दृष्टीनेही बरा, कारण आपल्याकडची तुळस, विशेषतः काळी, बहुधा अधिक उग्र आणि लवंगेसारखी लागते, तर थाई क्रापावची पाने मऊ आणि मिऱ्यासारख्या झोंबऱ्या वासाची असतात. लवंगेचा हा भास खोटा नाही. लवंगेतले युजेनॉल तुळशीतही असते. आपली तुळस वापरलीच तर थाई पाककृतीत सांगितलेल्या मापाच्या निम्मीच घ्यावी. पाने घातली की आच बंद करावी आणि कढईच्या उष्णतेवरच ती मलूल होऊ द्यावीत.

बाकीची मंडळी थोडक्यात. क्राचाय हा बोटांच्या झुपक्यासारखा दिसणारा कंद मासळीचा वास मारण्यासाठी वापरतात. ताजा भारतात क्वचितच मिळतो, बरणीतला मिठाच्या पाण्यातला चालवून घ्यावा लागतो. त्याच्याऐवजी आंबेहळद घालू नये, तिचा वास रस्सा बिघडवतो. बाय तोय, म्हणजे पानदानचे लांब पान, रोपवाटिकांत अन्नपूर्णा किंवा बासमती पान अशा नावांनी मिळते. बासमती आणि थाई जास्मिन तांदळाला ज्या द्रव्यामुळे सुवास येतो तेच या पानात असते, म्हणून भाताच्या आधणात एक पान गाठ मारून टाकले की साध्या तांदळालाही वास लागतो. थायलंडमध्ये ते मुख्यतः गोड पदार्थांसाठी आणि कोंबडीचे तुकडे गुंडाळून तळण्यासाठी वापरतात.

उत्तर थायलंडमधली एक जिन्नस मात्र कोकणी वाचकाला चकित करील. चियांग माई आणि नान भागातल्या लाप या खिम्याच्या पदार्थात माख्वेन नावाचे छोटे, उकललेले, जिभेला झिणझिण्या आणणारे वाळके फळ भाजून, कुटून घालतात. ते आपले तिरफळ आहे, त्याच जातीचे. बांगड्याच्या आमटीसाठी घरात तिरफळे असतील तर आतले काळे बी काढून, टरफले कोरडी भाजून वापरावीत.

खलबत्ता, नारळ आणि क्रम

टॉम यममध्ये या जिनसा वाटायच्या नसतात, ठेचून किंवा चकत्या करून पाण्यात सोडायच्या असतात. कोळंबीच्या डोक्या-टरफलांचा लिटरभर रस्सा, ठेचलेल्या दोन-तीन गवती चहाच्या कांड्या, कोळिंजनाच्या पाच-सहा चकत्या आणि तितकीच फाडलेली लिंबाची पाने एवढ्यात चौघांचे सूप होते. त्या दहा मिनिटे उकळल्यावर कोळंबी, मग मत्स्यसॉस, आणि आच बंद केल्यानंतरच लिंबाचा रस व ठेचलेल्या मिरच्या. लिंबाचा रस उकळला की त्याचा ताजेपणा जातो आणि कडवटपणा येतो. वाटीत राहिलेल्या चकत्या आणि कांड्या खायच्या नसतात. आमटीतली आमसुले बाजूला सारावीत तशा त्या सारायच्या. टॉम यम कुंग या कोळंबीच्या प्रकाराचा समावेश युनेस्कोने २०२४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला आहे.

करीच्या वाटणाची गोष्ट वेगळी आहे. तिथे सगळे दगडी खलबत्त्यात कुटतात. चोनबुरी प्रांतातल्या आंग सिला गावचे ग्रॅनाइटचे खल त्यासाठी प्रसिद्ध आहेत. आधी मीठ आणि मिरच्या, कारण मिठाचे कण साल फाडतात. मग कोळिंजन, गवती चहा, लिंबाची साल, कोथिंबिरीचे मूळ असे चिवट जिन्नस. त्यानंतर पाणी सुटणारे कांदे-लसूण. आणि शेवटी कापी, म्हणजे बारीक कोळंबीचे आंबवलेले वाटण. कापी ज्या चिमुकल्या कोळंब्यांपासून करतात, त्यांत आपल्या जवळ्याच्या कुळातल्या कोळंब्याही असतात. शाकाहारी मंडळींनी कापीऐवजी आंबवलेल्या सोयाबीनचे वाटण वापरावे. थायलंडमध्येही व्रताच्या काळातला ‘जे’ नावाचा शाकाहारी स्वयंपाक सोयाबीनच्या आधारानेच होतो. मिक्सरमध्ये पाणी घातल्याशिवाय पाते फिरत नाही आणि पाणी घातले की वाटण परतण्याऐवजी शिजते. ज्यांच्या घरी पाटा-वरवंटा अजून आहे, त्यांनी तो निःशंक वापरावा. मिक्सरच वापरायचा तर गवती चहाच्या अगदी पातळ चकत्या आधी कराव्यात आणि पाण्याऐवजी नारळाचे दाट दूध घालावे.

पुढची पायरी कोकणात आणि गोव्यात नारळाचा रस काढणाऱ्यांना लगेच कळेल. पहिला दाट रस कढईत घेऊन मंद आचेवर आटवत राहिले की तो फुटतो आणि तेल वेगळे दिसू लागते. त्या तेलात वाटण परतायचे. सुगंधी द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात चांगली विरघळतात, त्यामुळे हे तेल सुटल्याशिवाय वास खुलत नाही. पाच-सात मिनिटांनी कच्चा दर्प जाऊन घरभर जो वास पसरतो तीच खूण. मग पातळ रस, भाजी किंवा मांस, आणि शेवटी होरापा व लिंबाची पाने. पाकिटातले नारळाचे दूध पुष्कळदा फुटतच नाही, कारण ते एकजीव राहावे म्हणून त्यात पायसकारी द्रव्ये (इमल्सिफायर) घातलेली असतात. वेष्टनावर फक्त नारळ आणि पाणी लिहिलेले दूध घ्यावे, नाहीतर चमचाभर खोबरेल तेलात वाटण परतून मग दूध घालावे.

कुठे मिळते, कसे टिकते

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि ग्रँट रोडची भाजी गल्ली येथे एक्झॉटिक भाज्यांच्या गाळ्यांवर कोळिंजन, जाड गवती चहा आणि माक्रूतची पाने विचारावीत. काही विक्रेते तिन्ही एकत्र बांधून थाई सेट म्हणून विकतात. इतर शहरांत हॉटेलांना भाजी पुरवणारा व्यापारी गाठावा आणि आदल्या दिवशी सांगून ठेवावे. परदेशातल्या मराठी घरांना आशियाई दुकानांच्या फ्रीझरमध्ये हे सगळे मिळते, आणि गोठवलेला माल तिथे फार दिवस पडून राहिलेल्या ताज्या मालापेक्षा अनेकदा चांगला असतो. बँकॉकहून परतताना ताजे कंद किंवा रोपे बॅगेत घालण्याचा मोह आवरावा. भारताच्या वनस्पती संगरोध आदेश, २००३ नुसार त्यांना परवाना आणि प्रमाणपत्र लागते.

माक्रूतची पाने गोठवली तरी वास टिकून राहतो, पण वाळवली की कागद उरतो. म्हणून वाळवलेल्या पानांचे पाकीट स्वस्त वाटले तरी घेऊ नये. कोळिंजनाच्या चकत्या करून, गवती चहाचे तुकडे करून ते फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि वितळू न देता थेट उकळत्या पाण्यात टाकावेत. होरापा आणि क्रापाव मात्र फ्रीजच्या थंडीत काळ्या पडतात. त्यांच्या फांद्या फुलांप्रमाणे पाण्यात उभ्या करून ओट्यावरच ठेवाव्यात.

आणि तयार पेस्टचा कमीपणा मानू नये. बँकॉकच्या खलोंग तोईसारख्या बाजारात लाल-हिरव्या वाटणांचे ढीग परातींत रचलेले असतात आणि तिथले लोक ते वजनावर विकत घेऊन घरी जातात. प्रत्येक थाई घरात रोज खल घुमत नाही. बरणीतली पेस्ट टिकण्यासाठी खारट केलेली असते, म्हणून मत्स्यसॉस आणि मीठ शेवटी, चव पाहूनच घालावे. तिच्यातला गवती चहा आणि लिंबाची साल यांचा ताजा वास प्रक्रियेत विरलेला असतो. परतताना ताज्या बुडख्याच्या चार पातळ चकत्या, कुटलेले एखादे कोथिंबिरीचे मूळ आणि उतरवताना फाडलेली दोन पाने घातली की त्याच पेस्टची करी ओळखू येत नाही.